कोटाचा उजवा खांदा

वकीलसाहेब दुसऱ्यांदा कोट परत घेऊन आले, तेव्हा कटरबाईंनी त्यांना तोंडावर सांगून टाकलं की दोष कोटात नाही, तुमच्या खांद्यात आहे. वकील म्हणजे बोलून पोट भरणारा माणूस, पण तोही आधी आपला खांदाच चाचपू लागला. कोटाचा उजवा खांदा अर्ध्या बोटानं वर दिसतो आणि न्यायाधीशांपुढे उभं राहिलं की मी खांदा उडवून बेफिकिरी दाखवतोय असं वाटतं, एवढीच बिचाऱ्याची तक्रार होती. बाईंनी त्यांना पाठमोरं उभं केलं, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि निकाल दिला. बगलेत फायली मारून चालता, उजवा खांदा खाली उतरलाय, मी तो आतून भरून काढलाय, उलट उपकार माना.

बाईंचा हा तोरा उगाच नव्हता हो. तीस वर्षं त्या कोट कापत होत्या. दुकानाच्या पाटीवर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण गिऱ्हाईक ‘कटरबाईंकडे जाऊन येतो’ असंच म्हणायचं. छाती, कंबर, बाही टेपनं मोजावी, खांद्याचा उतार मात्र डोळ्यानंच मोजायचा, असा त्यांचा शिरस्ता. आणि ट्रायलला कुणी नुसतं आरशापुढे उभं राहिलेलं त्यांना चालत नसे. हात वर करा, वाका, खुर्चीवर बसा, वळून मागे बघा. गिऱ्हाईक ‘ठीक आहे हो बाई, बसलाय’ म्हणून काकुळतीला आलं तरी त्या सोडत नसत. नुसत्या उभ्या माणसाला कुठलाही कोट बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण गंमत अशी की वकिलांच्या आधी दोन दिवस शाळेच्या मुख्याध्यापकांचा कोट परत आला होता आणि वकिलांची पाठ वळते न वळते तोच एका हॉटेलच्या मॅनेजरचा आला. तिघांची तक्रार एकच, उजवा खांदा. “हल्ली माणसंच वाकडी व्हायला लागलीत,” असं म्हणून बाईंनी तिन्ही कोट दांडीला अडकवले. मशीनवर बसलेल्या मामांनी पायडलवरचा पाय काढला नाही की मान वर केली नाही. हे मामा म्हणजे कुणाचेच सख्खे मामा नव्हेत, वीस वर्षं त्या दुकानात शिवणारे कारागीर. बाईंच्या रागापुढे गप्प बसायचं हे त्यांनी पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं.

दुकानात तिसरं माणूस होतं ते म्हणजे बाईंची मुलगी. ती खिडकीपाशी बसून बटणं लावायची. कशी लावायची ते विचारू नका. मामा तिचा डोळा चुकवून अर्धी बटणं पुन्हा लावायचे. तिचं काम ते नव्हतंच मुळी. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची आणि नावाजलेली होती. जिन्यावरून उतरतानाही ज्यांचे पाय लटपटतात, अशा माणसांना तिनं घाटातून गाड्या चालवायला लावलं होतं. पाच महिने झाले, तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

पाच महिन्यांपूर्वी मायलेकी कापडाच्या घाऊक बाजारातून परत येत होत्या. मुलगी चालवत होती, आई शेजारी. सिग्नल पिवळा झाला, मुलीनं गाडी थांबवली आणि मागून एक टेम्पो येऊन धडकला. बाईंचं डोकं आधी पुढे गेलं आणि मग मागे आपटलं. रक्त नाही, खोक नाही, गाडीची डिकी तेवढी चेपली. चूक शंभर टक्के टेम्पोवाल्याची, त्यानंही ती कबूल केली. पण पोरीनं मनाला लावून घेतलं. पिवळ्यावर निघून गेले असते तर काही झालं नसतं, हे एकच तिच्या डोक्यात बसलं. पिवळा दिसला की थांबायचं, हे तिनंच शेकडो लोकांना शिकवलेलं होतं, त्याचाही काही उपयोग झाला नाही.

दवाखान्यात बाईंच्या मानेचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. मुका मार आहे, दोन आठवडे पट्टा बांधा, दुखणं राहिलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं. पहिल्याच आठवड्यात बाई खुर्चीवरून उठताना कळवळल्या. एकदाच, आणि तेही तोंडातल्या तोंडात. पण मुलीनं ते ऐकलं. त्याच दुपारी तिनं पर्समधलं लायसन्स काढून कपाटाच्या खणात टाकलं आणि स्कूलच्या मालकांना फोन करून येणार नाही म्हणून कळवलं. बाईंनी ते दाराआडून पाहिलं आणि कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून हिच्यासमोर दुखतंय हा शब्द काढायचा नाही. मान मोडली तरी चालेल, पण पोरगी परत गाडीत बसली पाहिजे. दुसरं काही त्यांना नकोच होतं.

आणि मान खरोखरच ठणकत होती. सकाळी बरी असायची, पण दुपार झाली की डोकं आपलं नव्हेच, कुणीतरी सांभाळायला दिलेलं ओझं आहे, असं वाटायचं. रिक्षा खड्ड्यातून गेली की आत काहीतरी सरकायचं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तपासणीला गेल्या की मुलगी शेजारी बसलेली, मग डॉक्टरांनी कसं आहे विचारलं की बाई म्हणायच्या, ठीक आहे, एकदम ठीक. चौथ्या वेळी डॉक्टरांनी आता यायची गरज नाही म्हणून सांगितलं. दुकानात त्यांनी कापायचं टेबल विटांवर चढवून घेतलं, म्हणजे खाली वाकायला नको. मामांना कारण सांगितलं की उंदीर झालेत. डोकं सरळ धरलं की उजवीकडून कळ यायची, ते डावीकडे किंचित कललं की बरं वाटायचं. म्हणून ते कलतंच राहिलं. हे मात्र बाईंच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

लक्षात आलं ते मुलीच्या. परत आलेल्या तीन कोटांचे खांदे उसवायचं काम तिच्याकडे आलं होतं. निदान उसवताना तरी चुकणार नाही, असं मामा मिश्कीलपणे म्हणाले होते. तिनं वकिलांच्या कोटाचा उजवा खांदा उसवला, आतली जादाची भर बाहेर काढली. मुख्याध्यापकांची काढली, मॅनेजरचीही काढली. तिन्ही भरी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर जाडीला अगदी सारख्या. तिनं मामांना विचारलं, तर बाईंनी खडूनं खूण केली तसं मी शिवलं, यापलीकडे ते काही बोलेनात. तीन वेगवेगळी माणसं, तीन वेगवेगळी कामं, मग तिघांचा तोच खांदा तेवढाच कसा उतरेल?

समोर आई एका नव्या गिऱ्हाइकाची ट्रायल घेत होती. मुलगी बघत राहिली. आता ही मुलगी वर्षानुवर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसलेली. कोण खरंच मान वळवून मागे बघतंय आणि कोण नुसते डोळे फिरवून बघितल्यासारखं करतंय, हे ती झोपेतही सांगेल. आई गिऱ्हाइकाच्या मागे उभी होती, डोकं डावीकडे कललेलं. तिला उजवीकडची टाचणी हवी होती, तर ती मान न वळवता पायांसकट सगळीच्या सगळी वळली. मग गिऱ्हाइकाच्या उजव्या खांद्यावर खडूची रेघ ओढली आणि मामांना म्हणाली, इथे भर घाला.

मुलीचा हात थांबला. तिनं गिऱ्हाईक जाऊ दिलं. मग तिनं दुकानाचं दार लोटलं, मामांना चहा पिऊन यायला सांगितलं आणि आईला आरशापुढे उभं केलं.

“आई, मागे बघ.”

बाई वळल्या.

“पाय न हलवता.”

काय पोरखेळ लावलाय, कामं पडलीत, असं काहीतरी बाई पुटपुटल्या. मुलगी हलेना. तिनं फक्त आरशाकडे बोट दाखवलं. बाईंनी पाहिलं, तर आरशात एक बाई डोकं एका बाजूला टाकून उभी होती. तीस वर्षं लोकांचे खांदे बघणाऱ्या त्या बाईला स्वतःचं डोकं दिसलं नव्हतं, आणि डावीकडे कललेल्या डोक्यानं बघितलं तर समोरच्याचा उजवा खांदा उतरलेला दिसणारच. त्यांनी ते सरळ करायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते झाकायला या वेळी त्यांना जमलं नाही.

“किती दिवस दुखतंय?” मुलीनं विचारलं.

“पहिल्या दिवसापासून,” बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. “तू गाडी सोडशील म्हणून बोलले नाही.”

“गाडी तर मी सोडलीच.” मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज चढलेला होता. “मला दिसत नव्हतं असं वाटलं तुला? तू दार लावून कण्हायचीस, मी आले की गाणं म्हणायचीस. मला वाटलं, ही माझ्यावर इतकी रागावली आहे की दुखणंसुद्धा मला सांगायचं नाही असं तिनं ठरवलंय.”

जिला वाचवायला त्यांनी पाच महिने दात आवळले, ती त्या गप्प राहण्यालाच राग समजून आतल्या आत झुरत होती. आपण किती मोठी घोडचूक केली ते त्यांना एका क्षणात कळलं आणि त्या लहान मुलासारख्या रडल्या. मुलगीही रडली. मामा चहा पिऊन परत आले, दारातून आत डोकावले आणि आणखी एक चहा प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. या वेळी बाईंनी सगळं सांगितलं, टेबलाखालच्या विटांपासून वकिलांच्या खांद्यापर्यंत. आणि स्वतःच वर ऐकवलं, की साहेब, तुम्ही मला नुसतं उभं करून फोटो काढलात, आम्ही कोटसुद्धा असा तपासत नाही. डॉक्टर भले होते, हसले. तुम्हीही दर वेळी ठीक आहे म्हणत होतात, याची त्यांनी आठवण करून दिली आणि बाईंनी मुकाट्यानं ती ऐकून घेतली. मग हातापायांची ताकद वगैरे नीट तपासून त्यांनी वेगळे एक्स-रे काढायला सांगितले. मान पुढे झुकवून एक, मागे नेऊन एक, आणि तेही सांभाळून, झेपेल तेवढंच.

त्या फोटोंत ते दिसलं. मानेचे दोन मणके एकमेकांना धरून ठेवणारे पट्टे, लिगामेंट म्हणतात ते, धक्क्यानं ताणले गेले होते. मान सरळ असली की मणके जागच्या जागी, वाकली की वरचा खालच्यावरून थोडा पुढे घसरायचा. बाईंनी फोटो निरखून पाहिला. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

“इलॅस्टिक गेलंय,” त्या म्हणाल्या. “आणि गेलेलं इलॅस्टिक इस्त्रीनं परत येत नाही. आता काय, कापून नवीन घालणार?”

डॉक्टर म्हणाले, घसरण फार नाही, मज्जारज्जूवर दाब आलेला नाही, तेव्हा आज तरी ऑपरेशनचं नाव काढायचं कारण नाही. पट्टे पूर्वीसारखे घट्ट होतील असं वचन देता येणार नाही, पण आजूबाजूचे, आतले बारीक स्नायू बळकट केले तर ते पुष्कळसा भार उचलतात. वेळ लागेल, महिने लागतील. दर थोड्या दिवसांनी तपासायचं, हातापायांत कमजोरी वाटली तर त्याच दिवशी यायचं, लपवायचं नाही. शेवटचे दोन शब्द ते जरा जोरात म्हणाले.

“म्हणजे आतून बक्रम लावायचं,” बाई म्हणाल्या. डॉक्टरांना बक्रम माहीत नव्हतं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे जाड कापड घालतात ते, असं मुलीनं सांगितलं, तेव्हा त्यांनी हो म्हटलं.

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट तरुण होती आणि कडक होती. तिनं पहिल्याच दिवशी मानेचा जुना पट्टा बघायला मागितला आणि तो उलटसुलट करून विचारात पडली. हनुवटीला आधार देणारी कडच गायब होती. मग बाईंनी खाली मान घालून (जेवढी घालता येत होती तेवढी) कबूल केलं की फिटिंग बरोबर नव्हतं, कापड कापताना खाली दिसत नव्हतं, म्हणून तो पट्टा त्यांनी तिसऱ्याच दिवशी उसवून दोन बोटं उतरवून घेतला होता. टीप मात्र सुबक होती. काकू, हे मी पहिल्यांदाच बघतेय, असं म्हणून ती फिजिओथेरपिस्ट पोट धरून हसली आणि पट्टा तिनं स्वतःच्या कपाटात ठेवून घेतला.

व्यायाम बघून बाईंची निराशाच झाली. हनुवटी किंचित आत घ्यायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. बस्स. हा काय व्यायाम झाला? दहा वेळा सांगितलं होतं, बाईंनी घरी साठ वेळा केला, लवकर उरकावं म्हणून. दोन दिवस उशीवरून डोकं उचलता येईना. तिसऱ्या दिवशी मुलीनं भिंतीवर कागद चिकटवला, दहा म्हणजे दहा, आणि समोर बसून मोजायला लागली. शिकाऊ माणसांना सांगायची त्याच आवाजात ती आईला सांगायची, घाई नको, झटका नको, आधी बघ मग वळ. बाईंना ते ऐकताना गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. त्या आवाजासाठी त्या पाच महिने आसुसल्या होत्या.

महिन्याभरात फरक दिसू लागला. फार नाही, पण दुपारचं डोकं हलकं राहू लागलं. कोटांच्या खांद्यांचा उतार बाई आता मामांना विचारून ठरवू लागल्या. तिघांचे कोट दुरुस्त झाले. वकिलांची तर बाईंनी चक्क माफी मागितली, तेव्हा ते इतके घाबरले की आपला खांदा खरंच उतरलेला आहे की काय, असं विचारायला लागले.

अडचण एकच होती, जाण्यायेण्याची. व्यायामाचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बसमध्ये धक्के बसायचे, टॅक्सीवाले ब्रेक मारायचे, आणि जाऊन आलं की कमावलेलं निम्मं वाटेतच सांडायचं. एका मंगळवारी टॅक्सीवाल्यानं अशी काही गाडी हाणली की बाई घरी येऊन भिंतीला टेकून बसल्या. चांगला ड्रायव्हर शोधते, मुलगी म्हणाली. बाई म्हणाल्या, शोधायचा कशाला, घरात आहे. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. बाई तिच्या मागे गेल्या.

मुलीनं नाही म्हटलं. परत धडक बसली तर या वेळी मान जाईल, आणि तू शेजारी बसलेली असताना माझे हात थरथरतील, असं तिनं साफ सांगितलं. बाई वाद घालत बसल्या नाहीत. तुझ्या गाडीत मलाही भीती वाटेल, हे त्यांनी कबूल केलं. ते ऐकून मुलगी वळली. इतक्या महिन्यांत आई तिच्याशी एवढं खरं कधी बोललीच नव्हती.

“पण टॅक्सीवाल्याला मी दुखतंय म्हणून सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “तुला सांगेन. दर वेळी सांगेन, जेवढं असेल तेवढं. माझी अट एकच. मी सांगितलं म्हणून गाडी सोडून द्यायची नाही.”

मुलीनं हातातली भांडी पुसून संपवली. मग हात कोरडे करून ती आत गेली. कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला, तशा बाई घाईघाईनं दुसऱ्या खोलीत निघून गेल्या, आपण ऐकलं हे तिला कळू नये म्हणून.

गाडी अर्थातच सुरू होईना. सहा महिने मागच्या अंगणात उभी, बॅटरी पार उतरलेली. मामांनी मेकॅनिक आणला, तोवर दोन वेळा स्वतः ढकलून पाहिली आणि कंबर धरून बसले. गुरुवारी सकाळी मुलगी आधी एकटी चौकापर्यंत जाऊन आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण गाडी तिनं बंद केली नाही. खाली उतरून तिनं आईच्या सीटची पाठ सरळ केली, डोक्यामागचा टेका उंचीला लावून दिला, आईला बसवून सीटबेल्ट लावला आणि स्वतः जाऊन बसली.

पहिल्या सिग्नलला पिवळा लागला. मुलीनं आधी आरशात पाहिलं आणि हळूहळू गाडी थांबवली. मागून एक ट्रक येत होता. मुलीची नजर आरशावरून हलेना, बाईंनी सीटची कड घट्ट धरली. ट्रक बराच मागे थांबला. दोघींनी एकदमच श्वास सोडला आणि तो एकमेकींना ऐकू गेला.

केंद्राच्या वळणाआधी गतिरोधक होता. मुलीनं गाडी जवळजवळ थांबवून, एकेक चाक अलगद त्यावरून उतरवलं, तरी मागची चाकं उतरताना व्हायचं तेच झालं. मानेत आत काहीतरी सरकलं आणि उजवीकडून कळ गेली. पाच महिन्यांच्या सवयीनं बाईंच्या ओठांवर हसू आलं, तेच नेहमीचं खोटं हसू. त्यांनी ते परतवलं.

“दुखलं,” त्या म्हणाल्या.

मुलीचा पाय ब्रेकवर गेला. गाडी क्षणभर रेंगाळली. मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला.

“खूप?”

“खूप नाही. पण दुखलं.”

मुलीनं ते ऐकून घेतलं. मग तिनं ब्रेकवरचा पाय काढला, आरशात मागे बघितलं आणि गाडी पुढे काढली.